पोकळ लाकडाचं गाव

जर्मनीत प्रोजेक्टवर गेलेल्या मंडळींचे वीकेन्ड साधारण ठरलेले असतात. पहिला म्युनिकचा, दुसरा डिस्नेछाप किल्ल्याचा, तिसरा 'अरे प्राग इथून जवळ आहे' म्हणत प्रागचा आणि चौथा कपडे धुण्याचा. बुबेनरॉइट हे नाव या यादीत कधीच नसतं. उच्चारच धड जमत नाही, जाणार कोण?

पण समजा तुम्ही न्यूर्नबर्गच्या आसपास आहात. तिथून उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर एर्लांगन लागतं. सीमेन्समुळे हे शहर आपल्याकडच्या इंजिनीअर्सना चांगलंच ठाऊक आहे, रविवारी तिथल्या सुपरमार्केटबाहेर (बंद असतं, तरीही!) 'काय रे, इकडे कुठे?' असं ऐकू येऊ शकतं. एर्लांगनहून लोकल पकडलीत आणि फोन काढून एखादा मेसेज टाइप करायला घेतलात, की पुढचं बुबेनरॉइट आलंसुद्धा. उतरल्यावर दिसतात नीटनेटकी घरं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आणि जर्मन गावांतली ती सुप्रसिद्ध शांतता. पहिल्या पाच मिनिटांत वाटतं, परतीची गाडी कधी आहे?

थांबा. तुम्ही बीटल्सची चार गाणी जरी ऐकली असतील, तरी या गावाचा आवाज तुमच्या कानात आधीपासून आहे.

पॉल मॅकार्टनीच्या हातातली ती व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार आठवते? ती इथल्या हॉफनर कंपनीची. रोलिंग स्टोन्सचा बिल वायमन सुरुवातीच्या वर्षांत फ्रामस कंपनीची स्टार बेस वाजवायचा. ती कंपनीही याच भागातली. साठच्या दशकातल्या दोन सगळ्यात मोठ्या बॅन्डचा खालचा सूर या एवढ्याशा पट्ट्यातून गेला. आणि दोन्ही गिटार आतून चक्क पोकळ!

पोकळ म्हणजे नेमकं काय?

मी ऑफिसच्या बॅन्डमध्ये बेस वाजवते. म्हणजे कोपऱ्यात उभी असते. त्यामुळे हे समजावून सांगण्याची सवय आहे.

१९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणली. सरळ भरीव लाकडाची, लांब गळ्याची, ठोकळेबाज आणि दणकट. आज आपण जी बेस गिटार बघतो ती बहुतेक तिचीच लेकरं. बुबेनरॉइटवाल्यांनी मात्र वेगळा रस्ता धरला. १९५५ मध्ये वॉल्टर हॉफनर यांनी बेस डिझाइन केली ती व्हायोलिनसारखी. पुढची फळी स्प्रूसची, मागची मेपलची, मध्ये हवा. आकार व्हायोलिनचाच का? कारण हे सगळे मुळात व्हायोलिनवाले!

मी मिरजेची. आमच्याकडे तंबोऱ्याचा भोपळा पोकळ का, हे कुणाला सांगावं लागत नाही. तार एकटी काही बोलत नाही, बोलते ती तिच्याखालची हवा. हॉलोबॉडी बेसचं तेच. पिकअप आणि अ‍ॅम्प असला तरी तारेची बरीचशी ताकद ती पातळ फळी हलवण्यात खर्च होते. म्हणून सूर झटकन फुलतो आणि लवकर विरतो. भरीव गिटारचा सूर लांबत जातो, पोकळ गिटारचा 'दुम्' करून बाजूला होतो आणि गाणाऱ्याला जागा देतो. वजन म्हणाल तर व्हायोलिन बेस जेमतेम अडीच किलोच्या आसपास, म्हणजे लॅपटॉपच्या भरलेल्या बॅगेपेक्षा हलकी. फेंडरची तारेची लांबी ३४ इंच, हिची ३० च्या आसपास. लहान हातांना तर वरदानच.

मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गला ही गिटार घेतली, त्यामागे फार थोर विचार नव्हता. फेंडर परवडत नव्हती आणि तो डावखुरा. दोन्ही बाजूंनी सारखी असलेली गिटार उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही, एवढंच. बजेट आणि लुक! आपण फोन घेताना यापेक्षा वेगळा विचार करतो का?

गाव आलं कुठून?

आता खरी गोष्ट. बुबेनरॉइट हे मूळचं वाद्यांचं गाव नाहीच.

ही सगळी माणसं शोनबाखची. आजच्या चेक प्रजासत्ताकातलं लुबी ते हेच. कार्ल हॉफनर यांनी १८८७ मध्ये कंपनी काढली तीही तिथेच. या गावात एक माणूस अख्खं व्हायोलिन क्वचितच बनवायचा. एका घरात फक्त गळे कोरले जायचे, दुसऱ्या घरात घोड्या, तिसऱ्यात खुंट्या, चौथ्यात गज. गावभर फिरून व्हायोलिन पूर्ण व्हायचं.

१९३८ मध्ये हिटलरने हा प्रदेश गिळला. युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियाने सुमारे तीस लाख जर्मन भाषकांना देशाबाहेर काढलं. त्यात शोनबाखचे कारागीरही आले. हाती लागेल ते सामान घेऊन माणसं जर्मनीत इकडेतिकडे विखुरली.

आणि इथे त्यांचा प्रॉब्लेम आपल्या नेहमीच्या निर्वासितांपेक्षा वेगळा होता. एखाद्या शिंप्याला कुठल्याही गावात मशीन टाकता येतं. पण ज्याला फक्त घोड्या कोरता येतात, त्याने एकट्याने कुठे जायचं? गळे करणारा शंभर मैलांवर असेल तर घोडीचा उपयोग काय? धंदा टिकवायचा तर अख्खं गावच एका जागी पुन्हा वसवायला हवं.

१९४९ मध्ये बुबेनरॉइट तयार झालं. तेव्हा या शेतकऱ्यांच्या गावाची वस्ती होती पाचशेच्या आत! येणारे होते त्यांच्या कितीतरी पट. स्वतःच्याच गावात आपण अल्पसंख्य होणार, हे दिसत असूनही त्यांनी जागा दिली. वस्तीच्या वस्ती उभी राहिली. पन्नासच्या दशकात हॉफनरचा कारखाना इथे आला. फ्रेड विल्फर यांनी तर १९४६ मध्येच एर्लांगनला फ्रामस सुरू करून आपल्या गाववाल्यांना काम दिलं होतं. मग रॉक अँड रोलची लाट आली आणि व्हायोलिन कोरणारे हात गिटारकडे वळले.

बॅन्डवाल्या पोरांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना हवी होती परवडणारी गिटार.

भिंतीवरची स्टार बेस

माझ्या टीममधल्या एका जर्मन मित्राच्या घरी हॉलमध्ये एक फ्रामस स्टार बेस टांगलेली आहे. वडिलांनी तरुणपणी घेतलेली. वडील गेले, गिटार राहिली. वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावलेला नव्हता. तारा काळ्या पडलेल्या, गळा किंचित पुढे वाकलेला.

"विकू, की मागे एक छानसा लाइट लावू?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "आधी दाखवू तर कुणाला."

म्हणून एका शनिवारी आम्ही तिला घेऊन बुबेनरॉइटला गेलो. एका घराच्या मागच्या बाजूला छोटं वर्कशॉप. सरसाचा वास, भिंतीवर रांगेत लावलेल्या पटाश्या. कारागीर सत्तरीचे. त्यांनी गिटार प्लग इन वगैरे काही केली नाही. मांडीवर घेतली आणि बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत फिरले, आपण माठ घेताना वाजवून बघतो ना, तसं. एका जागी आवाज बदलला. तिथेच थांबले. सांधा उघडला होता, जेमतेम दोन बोटं लांब.

"हे चिकटेल," ते म्हणाले. "गळाही बराचसा सरळ होईल."

मित्राने विचारलं, "आणि किंमत किती येईल हिची?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही वाजवता का?"

"नाही. बाबा वाजवायचे."

"मग तीन महिने वाजवा. नंतर विचारा. बंद गिटारची किंमत सांगायला मी काय लाकडाचा व्यापारी आहे?"

मित्र हसला, पण परतीच्या गाडीत गप्प होता. मग म्हणाला, "बाबा रविवारी सकाळी वाजवायचे. मला झोपू द्यायचे नाहीत." दोन आठवड्यांनी गिटार परत आली. आता दर गुरुवारी तो माझ्याकडे शिकायला येतो. अजून दोनच गाणी येतात आणि तीही अर्धी. लाइटची ऑर्डर रद्द झाली आहे. विकायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

मग अशा गिटारचं करायचं काय?

पहिलं म्हणजे, वाजवायची. पोकळ वाद्य पडून राहिलं की त्यात काय बिघडलंय तेसुद्धा कळत नाही.

तारा घ्या फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट, गुळगुळीत पट्टी गुंडाळलेल्या. साठच्या दशकातला तो गोल, बुटका 'दुम्' त्यांच्यातूनच येतो. मात्र शॉर्ट स्केलच्याच घ्या, लांब तारा बसत नाहीत.

सगळ्या तारा एकदम काढू नका. बहुतेक पोकळ गिटारांचा ब्रिज, म्हणजे आपली घोडी, चिकटवलेला नसतो. तारांच्या दाबावर उभा असतो. तारा गेल्या की तोही घरंगळतो आणि ट्यूनिंग पुन्हा पहिल्यापासून. एक काढा, एक लावा.

मोठ्या स्टेजवर, अ‍ॅम्पच्या तोंडासमोर उभं राहू नका. अ‍ॅम्पचा आवाज पोकळ अंगाला हलवतो, अंग तारेला, तार पुन्हा अ‍ॅम्पला आणि मग जी काही बोंब उठते त्याला फीडबॅक म्हणतात. छोटा कॅफे, घरचं रेकॉर्डिंग, अकूस्टिक गिटारसोबतची मैफल ही हिची खरी जागा.

विकत घेताना चमक बघू नका, गळा बघा. फार जुन्या मॉडेल्सच्या गळ्यात सरळ करायला सळईच नसते, तिथे वाकलेला गळा म्हणजे मोठा खर्च. मग सांधे बघा, मग पिकअप मूळचे आहेत का ते. आपल्याकडे आणणार असाल तर पावसाळ्यात केसमध्ये ठेवा आणि दमट भिंतीला तर टांगूच नका. आणखी एक, जुन्या गिटारची पट्टी ब्राझिलियन रोझवूडची असेल तर १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. कागदपत्रं आधी, विमान नंतर.

आणि जपून ठेवा! मॅकार्टनीची ती पहिली १९६१ ची गिटार १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली. पन्नास वर्षांनी एका घराच्या माळ्यावर सापडली आणि २०२४ मध्ये ती त्याला परत मिळाल्याचं जाहीर झालं. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं.

जायचं असेल तर

फ्रामस सत्तरच्या दशकात बुडाली. फ्रेड विल्फर यांच्या मुलाने, हान्स-पीटर विल्फरने, १९८२ मध्ये वॉरविक ही बेसची कंपनी काढली आणि पुढे फ्रामस हे नावही परत आणलं. फ्रामसचं संग्रहालय बघायचं तर सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेनला जा. तिथून जुनं शोनबाख, म्हणजे आजचं लुबी, सीमेच्या पलीकडे लगेच आहे. एका वीकेन्डमध्ये दोन्ही होतं. बुबेनरॉइटलाही गावाच्या वाद्यपरंपरेचा संग्रह आहे, बुबेनरॉइटेउम नावाचा. वेळा बघून मगच निघा, छोट्या गावातल्या गोष्टी रोज उघड्या नसतात. आणि वर्कशॉपमध्ये जायचं तर आधी फोन करा. ती दुकानं नाहीत, लोकांची घरं आहेत.

जर्मनीला जाणं होणार नसेल तरी हरकत नाही. तुमच्या किंवा मित्राच्या हॉलमध्ये एखादी जुनी गिटार टांगलेली असेलच. आज रात्री जेवण झाल्यावर ती खाली उतरवा आणि कडेकडेने टकटक करून बघा. ट्यूनर काय, फोनमध्ये आहेच.