सेट झालास का?

इंग्रजीतला सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द कोणता, असं विचारलं तर आपल्यापैकी बरेचजण जीआरईच्या यादीतला एखादा लांबलचक शब्द शोधायला लागतील. पण कितीतरी वर्षं हा मान एका तीन अक्षरी शब्दाकडे होता. एस, ई, टी. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट'चे ४३० अर्थ आहेत आणि एवढी एक नोंद साठ हजार शब्दांची भरली. पुढे कोशाचं फेरसंपादन सुरू झालं आणि २०११ च्या सुमारास 'रन'ने ६४५ अर्थ जमवून सेटला मागे टाकलं. आपल्या हॉस्टेलवर मात्र अजून सेटच पुढे आहे बरं का.

म्हणजे बघा. सकाळी गजर सेट. तो वाजला की बंद करून परत झोपणं हे तर आधीच सेट. पेपर कोणी सेट केला यावर मेसमध्ये चर्चा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या फ्लिप-फ्लॉपमध्ये सेट आणि रिसेट, आणि दोन्हीकडे एकदम '१' दिला की झाला घोटाळा. गणितात सेट म्हणजे संच. वर्कशॉपमध्ये करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्यालाही सेटच म्हणतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. आणि 'सेटिंग' हा जो खास आपला अर्थ आहे तो ऑक्सफर्डच्या विद्वानांना कोणी कळवला की नाही, देव जाणे.

एवढे अर्थ एकाच शब्दाला कसे चिकटले? मूळ अगदी साधं आहे. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे. हा सिट आपल्या संस्कृतातल्या 'सद्' धातूचा सख्खा भाऊ. सदन, संसद, उपनिषद ही सगळी त्याच घरातली मंडळी. मराठी 'बसणे' मात्र त्या घरातलं नाही, ते 'उपविश्'पासून 'बैसणे' होत होत आलंय. घर वेगळं, पण उद्योग तेच! हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, मशीन बसवतात, गणपती बसवतात, गॅदरिंगला नाटक बसवतात. शिवाय घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, आणि आपण परीक्षेला बसतो. एखाद्या परदेशी पोराला मराठी शिकायची वेळ आली तर तो 'बसणे'पाशीच आडवा होईल. इंग्रजीला आपण जेवढं घाबरतो तेवढं तरी त्याने आपल्या भाषेला घाबरावं, अशी माझी फार इच्छा आहे.

घाबरण्यावरून आमच्या रूममेटची गोष्ट सांगतो. सोलापूरकडचा, बारावीपर्यंत गावातच शिकलेला, वडील गवंडी. पहिल्या वर्षी वर्गात काय चाललंय ते याला कळायचंच नाही. त्याची ट्रंक कॉटखाली कायम अर्धी भरलेली असायची. कधीही उठून घरी जाईल असं वाटायचं. दोनदा तर स्टँडवरून परत आणला.

दुसऱ्या वर्षी सिव्हिलच्या लॅबमध्ये विकाटची सुई आली. सिमेंटचा लगदा साच्यात भरायचा आणि ठरावीक वेळाने त्यावर सुई सोडायची. सुरुवातीला ती तळापर्यंत जाते. तळापासून साधारण पाच मिलिमीटरवर अडकायला लागली की तो 'इनिशियल सेटिंग टाइम'. साध्या सिमेंटला तो तीस मिनिटांपेक्षा कमी नको आणि 'फायनल' सहाशे मिनिटांपेक्षा जास्त नको. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी याला सेटिंग आणि हार्डनिंगमधला फरक विचारला. हा गप्प. कपाळावर घाम. मी पुढचाच रोल नंबर, शेजारीच उभा. सर म्हणाले, "मराठीत सांग की."

मग जे सुरू झालं ते थांबेना. "सर, माल कालवला की अर्ध्या तासात संपवायचा. घट्ट व्हायला लागल्यावर परत पाणी टाकून मऊ करायचा नाही, वडील ओरडतात. स्लॅब दुसऱ्या दिवशी पायाखाली घट्ट लागतो, म्हणजे सेट झाला. पण म्हणून कोणी सेंटरिंग काढत नाही सर. पाणी मारत राहायचं. ताकद हळूहळू येते." पुस्तकात अठ्ठावीस दिवसांचा तक्ता आहे, तो त्यालाही पाठ होता. पण सरांनी तो विचारलाच नाही. वडील कुठे काम करतात ते विचारलं.

यानंतर त्याचं इंग्रजी सुधारलं वगैरे काही नाही. एम-थ्री अजून राहिलाय. पण ट्रंकेतले कपडे कपाटात गेले, आणि त्या ट्रंकेत आता आम्ही घरून आलेला चिवडा ठेवतो.

सध्या फायनल इयरला आम्हाला सगळ्यांनाच एक प्रश्न येतो. काका, मामा, शेजारी, कोणीही असो, "काय, सेट झालास का?" इंग्रजीत सेटचा भूतकाळही सेटच, त्यामुळे झालोय की व्हायचोय हे शब्दावरून कळत नाही, एवढीच काय ती सोय. रूममेटचे वडील हा शब्द वापरत नाहीत. रविवारी फोन आला की पलीकडून मोठ्यानं ऐकू येतं, "काय रं, बसलं का बस्तान?"

"बसतंय आबा," हा म्हणतो, आणि लगेच स्लॅबचं काम कुठवर आलं ते विचारतो.