दुसरी तापी

आमचं बिऱ्हाड बारडोलीला, पण आईचं माहेर भुसावळचं, तापीकाठचं. सुरतेहून रांदेरला जाताना पुलावर ती पदराची गाठ सोडून पाण्यात नाणं टाकी. म्हणे, "माहेरचं पाणी आहे रे!"

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी पाठीवर पिशवी टाकून मी थायलंडला गेलो. बँकॉकहून रात्रीच्या गाडीनं सुरत थानी गाठलं. बरोबरची गोरी पोरं बोटी पकडून बेटांकडे पळाली, मी गावातच थांबलो. १९१५ साली राजा वजिरावुध यांनी आपल्या सुरतेवरून या गावाचं नाव ठेवलं, नदीलाही तापीचंच. (आपल्याकडे नावांवरून केवढी भांडणं!)

काठावर भाजी विकणाऱ्या बाईनं हात जोडून 'सवादी खा' म्हटलं. शब्द आपल्या 'स्वस्ति'वरूनच घेतलेला. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "सुरत." तिनं जमिनीकडे बोट दाखवलं, "सुरात." मी पुन्हा छातीवर हात ठेवला. ती हसत सुटली.

खिशात आपला एक रुपया निघाला. तो पाण्यात सोडला. बाईचं हसू थांबलं. टोपलीतला एक पेरू उचलून तिनं माझ्या हातावर ठेवला, पैसे घेतले नाहीत.