अंदमानची बदली आणि शेतावरची बंदूक

मैत्रिणींनो, बदलीची गोष्ट निघाली की आपण आधी मुलांची शाळा, मग गॅस, मग सामान असा हिशेब मांडतो. आमच्या साकोली तालुक्यातल्या काही घरांत मात्र आणखी एका वस्तूचा हिशेब करावा लागतो. ती म्हणजे शेतावरची भरमार बंदूक!

नागझिऱ्याचं जंगल आमच्या बांध्यांपासून फार लांब नाही. धान निसवला की रात्री रानडुकरं उतरतात आणि सकाळी बघावं तर सगळं तुडवलेलं. म्हणून पीक राखण्यासाठी परवाना काढून तोंडाकडून दारू ठासायची बंदूक घेण्याची इकडे रीत. तिचं काम मुख्यतः आवाज करण्याचं. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आमच्याकडची बंदूक मामंजींच्या पश्चात यांच्या नावावर झाली, आणि आता बँकेने यांना तीन वर्षांसाठी अंदमानला जाता का, असं विचारलं आहे.

होकार देण्याआधी आम्ही डिसेंबरात तिथे जाऊन आलो. नागपूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमानाने दोनेक तास. जहाजाने गेलात तर दोन-तीन दिवस समुद्रावर! पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ साली श्री विजयपुरम झालं, पण लोकांच्या तोंडी जुनंच आहे. घड्याळ आपलंच, सूर्य मात्र पूर्वेचा. संध्याकाळी पाचलाच अंधारून येतं, म्हणजे स्वयंपाकाची वेळही बदलायला हवी! पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आपल्या भंडाऱ्याच्या दुपटीहून जास्त. डाळी सादळतात, लोखंड गंजतं. बरीचशी भाजी जहाजाने येते. जहाज लांबलं की भाव चढतात. नारळ आणि मासळी मात्र भरपूर. बाजारात हिंदी चालते, त्यामुळे बायकांचं अडत नाही.

सेल्युलर जेल पाहिलं. सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. गावात अबर्डीनच्या लढाईचं स्मारकही आहे. १८५९ साली तिथले आदिवासी धनुष्यबाण घेऊन इंग्रजांच्या बंदुकांसमोर उभे राहिले होते. आज जारवांसारख्या जमातींच्या राखीव प्रदेशात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्या स्मारकापाशी हेच म्हणाले, "इथे आपली बंदूक कशाला हवी?" खरंच आहे. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही. खाऱ्या पाण्यातली मगर आहे, पण तिच्यासाठी किनाऱ्यावरची पाटी वाचली म्हणजे पुरे!

मग बंदूक घरीच ठेवून जावं, असं तुम्ही म्हणाल. तिथेच खरी मेख आहे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नव्हे. हे अंदमानला आणि बंदूक भाऊजींच्या हाती, असं चालत नाही. तो गुन्हा होतो. बरोबर न्यावी, तर परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. आमचं महाराष्ट्रापुरतं आहे. ते वाढवून घ्या, नव्या गावच्या अधिकाऱ्यांना कळवा, आणि एवढं करून ती तिथे गंजणार.

सासूबाईंना हे पटेना. "तुम्ही समुद्रापार, बंदूक कुलपात, आणि मी इथे डुकरांच्या तोंडी?" त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. बंदुकीपेक्षा थोरला मुलगा घरात नसणार, हे त्यांना जास्त लागलं आहे.

शेवटी सगळ्यांनी बसून ठरवलं. बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती परवान्याबरोबर जपायची. भाऊजींनी स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. तोवर वनखात्याच्या योजनेतून सौर कुंपणासाठी मदत मागायची. डुकरांनी पीक खाल्लं तर भरपाईचा अर्ज वेळेत द्यायचा. आणि कुंपण उभं राहिल्याशिवाय यांनी होकार कळवायचा नाही, ही सासूबाईंची अट सर्वांनी मान्य केली.

तुमच्याही घरी अशी बंदूक असेल, तर सामान बांधायच्या आधी परवाना काढून वाचा. नाव कोणाचं, क्षेत्र कुठलं, मुदत कधीपर्यंत, हे तीन प्रश्न बाईमाणसानेही विचारावेत. बदली साहेबांची असली, तरी मागे राहिलेल्या घराची काळजी आपल्याच डोक्यावर असते ना!