एका आळाक्कूचा हिशोब

अमेरिकेत घरच्या जेवणावर होणारा खर्च एकूण खर्चाच्या जेमतेम 7 टक्के, नायजेरियात हाच वाटा निम्म्याहून जास्त. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते आमचं चेन्नईतलं घर. आपला वाटा किती? आणि तेवढ्यात आपल्या ताटात पडतं किती? जमाखर्च मी पूर्वीपासून लिहिते, पण किराणा एका पानावर, दूध दुसऱ्या, हॉटेल तिसऱ्या. पोषणशास्त्राशी माझा संबंध नाही, अर्थशास्त्राशी तर नाहीच. तरी वही, काटा आणि कॅलक्युलेटर घेऊन बसले, आणि पहिल्याच रकान्याशी अडले. कॅलरी म्हणजे नक्की काय, हे मला सांगता येईना.

ते शोधलं. 1 किलो पाणी 1 अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे 1 किलोकॅलरी. रोजच्या बोलण्यात आपण तिलाच कॅलरी म्हणतो. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवलेलं गणित आजही चालतं: कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे 4, स्निग्ध पदार्थ 9. आपल्याकडच्या पदार्थांचे तक्ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे. त्या संस्थेची सुरुवात इथे तमिळनाडूतच झाली हे मला नवीन होतं. 1918 मध्ये कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत रॉबर्ट मॅककॅरिसन बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करू लागले. पॉलिश केलेल्या तांदळावरच जगणाऱ्यांना हा रोग होई. म्हणजे पोटभर कॅलरी मिळूनही माणूस खंगू शकतो. मी जो आकडा मोजायला निघाले होते तो अपुरा आहे, हे मोजायच्या आधीच कळलं.

तरी मोजायला लागले. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का तांदूळ 'आळाक्कू'ने घेतात. हे इथलं जुनं माप, पितळेचं, पाव लिटरहूनही लहान. त्यांनी ते सपाट भरलं, बोटाने वरचे दाणे सारले आणि काट्यावर ओतलं: 140 ग्रॅमच्या आसपास. तक्त्यात कच्च्या तांदळाच्या 100 ग्रॅमला 356 कॅलरी, म्हणजे एका आळाक्कूला सुमारे 500. मग टोमॅटो घेतले. किलोभर टोमॅटोंत मिळून 200 कॅलरी. मग तिळाचं तेल, ज्यात अक्का सगळ्या फोडण्या करतात. 1 लिटरच्या पिशवीत 8,000 कॅलरींहून जास्त! अक्कांनी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "मग भाजी कशाला घ्यायची अम्मा, तेलच पिऊ." रुपयाला जास्तीत जास्त कॅलरी शोधत गेलं की तांदूळ, साखर आणि तेल एवढंच हाती लागतं. स्वस्त कॅलरी आणि चांगलं जेवण यांच्यात केवढं अंतर आहे, हे त्यांच्या एका वाक्यात आलं.

आता माणशी भागायचं. पण माणसं किती? घरात चौघं. नवरा दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवतो, अक्का सकाळी आमच्याकडे इडली-कॉफी घेतात, शनिवार-रविवार कोणी ना कोणी पाहुणे असतात. सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीलाही हीच डोकेदुखी असते, हे वाचून धीर आला. शिवाय मूल आणि मोठा माणूस सारखे धरता येत नाहीत, म्हणून पाहणीत 'उपभोग एकक' असतं. बैठं काम करणारा 20 ते 39 वयाचा पुरुष म्हणजे 1, त्याच वयाची बाई 0.71. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मात्र 0.97. आमच्या घरातल्या चार डोक्यांची चार एककं होत नाहीत. ज्या घरात बायका आणि लहान मुलं जास्त, तिथला माणशी आकडा कमी आला म्हणजे ते घर उपाशी आहे असं नाही.

मग पैशांचं पान उघडलं. 2023-24 च्या पाहणीत माणशी महिन्याचा सरासरी खर्च गावात 4,122 रुपये आणि शहरात 6,996 रुपये. त्यातला अन्नाचा वाटा गावात 47 टक्के, शहरात जवळपास 40. आमचा वाटा शहरी सरासरीच्या बराच खाली आला. अक्कांच्या घराचाही मांडला, तो बराच वर. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये बेल्जियमच्या कुटुंबांचे जमाखर्च तपासून हेच सांगितलं होतं: घर जितकं गरीब, तितका खर्चातला मोठा वाटा अन्नाचा. आम्ही अक्कांपेक्षा अन्नावर जास्त रुपये खर्च करतो, आणि तरीही अन्न आम्हाला हलकं जातं. दीडशे वर्षांपूर्वीचा नियम एकाच ओट्याभोवती उभ्या असलेल्या दोन बायकांना लागू पडत होता.

अक्कांच्या हिशोबात एक रकाना मात्र माझ्या वहीत नव्हता. रेशनचा. तमिळनाडूत 2011 पासून रेशनकार्डावर तांदूळ फुकट मिळतो. तूरडाळ 30 रुपये किलो, पामतेल 25 रुपये लिटर. अक्कांना महिन्याला 20 किलो तांदूळ मिळतो. मी गुणाकार केला: 71,200 कॅलरी, रोजच्या सुमारे 2,370. म्हणजे एका माणसाचा दिवस भागेल एवढी ऊर्जा त्या घरात रोज येते आणि खर्चाच्या पानावर तिची किंमत शून्य! पाहणीत अशा फुकट वस्तूंची किंमत वेगळी धरली की ग्रामीण सरासरी 4,122 वरून 4,247 वर जाते. पाकीट बघून ताट ओळखता येत नाही.

आता परदेश. अमेरिकेचे डॉलर बाजारभावाने रुपयांत बदलले, तर तिथला किराणा आपल्या कित्येक पट दिसतो. पण डॉलरला 80 हून जास्त रुपये पडत असले तरी अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढं येतं तेवढं भारतात साधारण 20 रुपयांत येतं, असं जागतिक बँकेचं 'क्रयशक्ती समता' नावाचं गणित सांगतं. त्यापेक्षा टक्केवारी बरी, असं ठरवून 7 आणि 40 शेजारी मांडले. तेही जुळेनात. अमेरिकेच्या 7 टक्क्यांत बाहेरचं खाणं नाही. ते धरलं की उत्पन्नाच्या 11 टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्या 40 मध्ये हॉटेल, चहा, बिस्किटं, सगळं आहे, आणि ते उत्पन्नाचे नव्हे, खर्चाचे टक्के आहेत. फरक तरीही प्रचंड उरतो, पण सुरुवातीला दिसला तेवढा नाही.

सगळ्यांत मोठा धक्का कॅलरींनी दिला. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ताळेबंदात अमेरिकेत माणशी रोज 3,800 ते 3,900 कॅलरी आहेत. पण तिथे लोकांना 'काल काय खाल्लं' असं विचारून केलेल्या पाहणीत सरासरी 2,100 च्या आसपास येते. भारताच्या 2023-24 च्या पाहणीत गावात 2,212, शहरात 2,240. मग आपण अमेरिकनांपेक्षा जास्त खातो की काय? तसं नाही. पहिला आकडा देशात उपलब्ध असलेल्या अन्नाचा. दुकानात आणि घरात वाया जातं तेही त्यात आहे. दुसरा लोकांनी आठवून सांगितलेला, आणि खाल्लेलं सांगताना माणूस हात आखडता घेतो. आपला आकडा स्वयंपाकघरात आलेल्या अन्नाचा. गोदाम, ताट आणि स्वयंपाकघर अशा तीन जागी मोजलेले आकडे मी एका ओळीत बसवत होते.

मग माणसाला कॅलरी लागतात तरी किती, हे शोधताना दोन मराठी नावं भेटली. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासह 1971 मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात रोज माणशी 2,250 कॅलरी हा पाया धरला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. त्यांचा आक्षेप असा की माणसागणिक आणि एकाच माणसाची दिवसागणिक गरज बदलते. सरासरीखाली दिसणारा प्रत्येक जण कुपोषित धरता येणार नाही. दोघांत पुढे मोठा वाद झाला. मला दोघांचंही पटतं. आजची शहरी सरासरी त्या 2,250 ला जवळजवळ टेकली आहे, पण सर्वांत गरीब 5 टक्के लोकांची सरासरी 1,700 च्या खाली आहे. एवढ्या मोठ्या समूहाचा आकडा जेव्हा इतका खाली असतो, तेव्हा तो माणसागणिक बदलणाऱ्या गरजेवर ढकलता येत नाही.

म्हणून देशादेशांची तुलना करताना फक्त कॅलरी वाचून थांबू नये असं मला ठामपणे वाटतं. श्रीमंत आणि गरीब देशांतल्या ताटांत जेवढा फरक आहे त्याहून कितीतरी मोठा फरक ताट भरायला लागणाऱ्या कमाईच्या वाट्यात आहे. हा भार हलका करायला चेन्नई महापालिकेने 2013 मध्ये 'अम्मा उणवगम' ही स्वस्त उपाहारगृहं काढली, तिथे इडली 1 रुपयाला आणि सांबारभात 5 रुपयांना दिला. 2022 पासून तमिळनाडूच्या सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू झाला. अक्कांची तिसरीतली मुलगी तो खाते. अशा योजनांना 'फुकटेपणा' म्हणणाऱ्यांनी एकदा अक्कांसारख्या घराचा जमाखर्च मांडून पाहावा. फुकट तांदळामुळे वाचलेले पैसे त्यांच्याकडे अंडी, दूध आणि मुलीच्या वह्यांवर गेले. एंगेलच्या नियमातला तो मोठा वाटा थोडा जरी कमी झाला, तरी त्या घराला पोटापलीकडचा विचार करता येतो, आणि देशाची प्रगती मोजायची तर ती इथून मोजावी.