नऊ वॅटचा दिवा

लालबागच्या चाळीतील आमच्या दोन खोल्यांची दुरुस्ती यंदा काढावी लागली, आणि दिव्यांची निवड करण्याचे काम, घरातले शिकलेले म्हणून, आमच्याकडे आले. शिकलेल्या माणसाची पहिली खोड हिशेब मांडण्याची. ती आम्हांस पुरती जडलेली आहे. स्वयंपाकघरात साठ वॅटचा जुना बल्ब होता. तो रोज पाच तास जळतो असे धरल्यास वर्षाकाठी 109 युनिटांहून अधिक वीज खातो, आणि तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने फुकट जातो. त्यास दिवा म्हणण्यापेक्षा थोडासा उजेड देणारी शेगडी म्हणणेच शोभेल. तेवढ्याच उजेडाला एलईडी दिव्यास नऊ वॅट पुरतात. वर्षाला सुमारे 16 युनिटे. निळा एलईडी साधल्यावरच हा पांढरा उजेड शक्य झाला, व त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले, हेही आम्ही आईस ऐटीत सांगितले.

आईने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, पण पाच तास तो जाळतो कोण?"

आमचा हिशेब तेथेच कोसळला. खरोखरच तो दिवा कोणी जाळीत नसे. गॅलरीतून येईल तेवढ्या उजेडात आई तांदूळ निवडी, भाजी चिरी, आणि अगदीच दिसेनासे झाले म्हणजे दहा मिनिटांपुरते बटण दाबी. ही काटकसर आम्ही लहानपणापासून इतकी पाहिली होती की ती आमच्या नजरेस येणेच बंद झाले होते. वडील गिरणीत हिशेबनीस होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि आमच्या घरात येणारा पगार थांबला. त्या वर्षी 'एका वेळी एकच दिवा' असा दंडक आईने घातला. संप ओसरला, वडील गेले, तरी दंडक राहिला. 1915 साली खोपोलीची जलविद्युत् मुंबईच्या गिरण्यांकडे आली तेव्हापासून या भागातील रात्री गिरण्यांत झगझगीत आणि खोल्यांत मिणमिणत्या असत. आता गिरणीच्या आवारात उंच मनोरे उभे आहेत, त्यांच्या रात्री उजळलेल्या असतात, आणि दुपारी चारनंतरचे आमचे ऊन मात्र ते अडवितात.

गेल्या श्रावणात पहाटे उंबरठ्याला अडखळून आई पडली व तिचे मनगट मोडले. डॉक्टरांकडे गेलो असता कळले की साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. आईने तर ऐंशी ओलांडली आहे. म्हणजे ज्या अंधारात आम्हांस चाचपडत का होईना दिसे, त्यात तिला काहीच दिसत नसणार.

मग आम्ही लोहार चाळीत गेलो. विजेच्या सामानाचा हा बाजार ज्या क्रॉफर्ड मार्केटच्या शेजारी आहे, तेथे 1882 सालीच विजेचे दिवे लागले होते. खोक्यावर वॅटचा आकडा ठळक असतो. पण वॅट ही दिव्याची भूक, आणि ल्यूमेन हे त्याचे काम, एवढे ध्यानात ठेवले की फसवणूक टळते. तरी एक चूक आमच्या हातून झालीच. अधिक शुभ्र तो अधिक चांगला, अशा समजुतीने सगळीकडे 6500 केल्व्हिनचे दिवे आणले. रात्री ते लागताच घराला इस्पितळाची कळा आली. देवघरातील कुंकू मलूल दिसू लागले आणि आईने विचारले, "कोणी आजारी आहे का रे?" दुसऱ्या दिवशी बैठकीसाठी 2700 चा पिवळसर आणि ओट्यावर 4000 चा, रंग खरे दाखविणारा, असे दिवे बदलून आणले. वडिलांची आवडती काचेची बंद हंडीही उतरविली. एलईडीलाही थोडी उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि कोंडलेला दिवा लवकर मरतो. भिंतींस व छतास पांढरा रंग दिला. सर्वांत मोठी बचत, आमच्या मते, त्या रंगानेच केली.

राहता राहिला उंबरठा. तेथे अर्ध्या वॅटचा दिवा रात्रभर ठेवावा म्हणताच आईची मान नकारार्थी हलली. तेव्हा आम्ही दिनदर्शिकेचे जुने पान उलटे करून पेन्सिल तिच्याच हाती दिली. दहा तास, 365 रात्री: 1.825 युनिट. हिशेबनिसाच्या बायकोने तो गुणाकार दोनदा केला. "वर्षाचे?" तिने विचारले. वर्षाचे. "मग राहू दे."

परवा रात्री दोनच्या सुमारास आम्हांस जाग आली. उंबरठ्यावरचा दिवा होताच. पण स्वयंपाकघरातला नऊ वॅटचाही लागला होता. आई पाटावर बसून मांडीवरच्या परातीत तांदूळ निवडीत होती. झोप येत नाही, म्हणाली, आणि सवयीने तिचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. आम्ही माठातले पाणी घेऊन सावकाश प्यालो. तो हात थोडा वेळ तसाच राहिला, मग पुन्हा परातीत आला.