जत्रेतील पाळणा आणि छायाचित्र

हौसेला मोल नसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. मात्र माणसाच्या मनात कधी कधी दोन छंद असे एकत्र येतात की, त्यांचे मुळीच जमू नये असे वाटते. जत्रेतील पाळण्यांचा छंद आणि छायाचित्रे काढण्याचा छंद ही अशीच एक जोडी होय. पाळण्याचा सारा आनंद वेगात. छायाचित्राला मात्र स्थिरता हवी. एक म्हणतो, "चल, फिर!" दुसरा म्हणतो, "थांब, हलू नकोस!" आणि तरीही या दोघांची संगत फार जुनी आहे.

महाडचे ग्रामदैवत श्रीवीरेश्वर. महाशिवरात्रीच्या सुमारास तेथे छबिन्याचा उत्सव होतो. आसपासच्या गावांतून देवतांच्या पालख्या आणि उंच सासनकाठ्या वाजतगाजत येतात. ढोल आणि खालूबाजा यांच्या नादाने रात्र जागी राहते. डोंगरवाड्यांतून उतरून आलेली मंडळी आधी देवदर्शन घेतात आणि मग त्यांची पावले आपोआप पाळण्यांकडे वळतात. पूर्वी जत्रांतून लाकडी रहाटपाळणा असे व तो माणसे हातांनी फिरवीत. आता विजेच्या दिव्यांनी लखलखणारा लोखंडी आकाशपाळणा उभा राहतो. पेटी वर पोचली की पोटात गोळा येतो, शेजारच्याचा हात घट्ट धरला जातो, आणि खालची सारी जत्रा दिव्यांच्या रांगोळीसारखी दिसते. पण ती क्षणभरच! पेटी खाली येते आणि ते दृश्य नाहीसे होते.

हा निसटता आनंद धरून ठेवण्यासाठीच की काय, जत्रांतून पाळण्यांच्या शेजारी छायाचित्रकाराची राहुटी असे. आत कापडावर रंगवलेला ताजमहाल, पुठ्ठ्याची चंद्रकोर, फळीची मोटार असा थाट मांडलेला असे. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी उत्सवासाठी गावी आला की आईवडिलांना तेथे घेऊन जाई. आई पदर सावरी, वडील टोपी सरळ करीत, आणि काळ्या कापडाखालून आज्ञा होताच दोघेही श्वास रोखून बसत. कित्येक घरांत वडीलधाऱ्यांचे तेवढेच एक छायाचित्र असे. ते देवांच्या तसबिरींशेजारी भिंतीवर लागे.

श्वास रोखून बसण्याची ही रीत या कलेच्या जन्माइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील दागेर याने १८३८ साली पॅरिसच्या एका रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता वर्दळीचा होता. पण चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत असल्यामुळे धावत्या गाड्या आणि चालती माणसे त्यात उमटलीच नाहीत. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक मनुष्य तेवढा दिसतो. अशा कॅमेऱ्यापुढे पाळण्याचे चित्र कोठून निघणार? पुढे १८८८ साली अमेरिकेत ईस्टमन याने १०० चित्रांची गुंडाळी घातलेला सुटसुटीत कॅमेरा विक्रीस आणला आणि ही कला सामान्यांच्या हाती आली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९३ साली, शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस याने २६४ फूट उंचीचा प्रचंड आकाशपाळणा उभारला. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले. २०१३ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका हे उद्यान उघडले. यंत्रे मोठी झाली, वेग वाढला. पोटात येणारा गोळा मात्र तोच राहिला.

दोन्ही छंद जोपासणाऱ्याला वेगाशी मैत्री करावी लागते. भर उन्हात कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतीच उघडली, तर फिरता पाळणा जागच्या जागी थिजतो आणि मुलीच्या उडत्या वेणीचा केस न् केस दिसतो. रात्री कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून तीच झडप दोन सेकंद उघडी ठेवली, तर माणसे विरून जातात आणि काळोखात प्रकाशाचे वर्तुळ उमटते. दोन्ही चित्रे खरीच. एकात पाळण्यात बसलेला माणूस असतो, दुसऱ्यात पाळण्याचा वेग. कोणते सत्य हवे, हे मात्र यंत्र सांगत नाही. ज्याने स्वतः पाळण्यात बसून ती गोड भीती अनुभवली नाही, त्याला भ्यालेल्या चेहऱ्यावर हसू नेमके केव्हा फुटते, हे कसे कळणार? आज प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे. पाळणा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत त्याच्या काचेकडेच पाहणारा मनुष्य चित्रे पुष्कळ मिळवतो, पण जत्रा गमावतो. म्हणून पहिला फेरा डोळ्यांसाठी आणि दुसरा कॅमेऱ्यासाठी ठेवावा, हेच शहाणपणाचे.

चित्राचे खरे मोल पुष्कळदा फार उशिरा कळते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली; पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा आपत्तीत भांडी, कपडे, धान्य सारेच जाते. पण ते पुन्हा मिळवता येते. भिंतीवरचे छायाचित्र चिखलात गेले तर ते कोणत्या दुकानात मिळणार? एरवी ज्या चित्रातील पुठ्ठ्याच्या चंद्राला सारे हसतात, त्याच चित्राची एखादी प्रत मुंबईच्या नातेवाइकाकडे सापडावी आणि गेलेल्या माणसाचा चेहरा घरात परत यावा, याहून मोठे धन कोणते?

छबिन्याची रात्र सरते, पालख्या आपापल्या गावी परततात, पाळण्याचे लोखंड उतरवून मालमोटारीत भरले जाते. पुढच्या वर्षी पाळणा पुन्हा येतो. मात्र त्यात बसणारी सगळीच माणसे पुन्हा येतील, असे नाही. म्हणूनच जत्रेत जाणाऱ्याने पाळण्यात मनसोक्त बसावे, आणि खाली उतरल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांना शेजारी उभे करून एक तरी चित्र काढावे. त्याची एक प्रत दूरच्या आप्तांनाही अवश्य धाडावी.