पनवेलच्या मंडईतला चोथा

मैत्रिणींनो, पनवेल म्हटलं की काय आठवतं? कोकणात जाताना गाडी थांबते, चहा-वडा होतो आणि गाडी पुढे निघते. पण एकदा मुद्दाम उतरा. मुंबईहून हार्बरच्या लोकलनं दीड तासही लागत नाही.

हे औषधांचं जुनं गाव बरं का! कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथेच ‘धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. अशा गावातल्या दुकानात इसबगोल मागायला कुणी लाजणार नाही. आपल्या आज्या तो कोठा साफ व्हायला देत, जुलाब झाले तर दह्यात कालवून देत. आता मात्र आपण तो मागतो वजन उतरवायला. रात्रीचं जेवण टाळून नुसता इसबगोल घेतला तर, असं तुमच्याही मनात कधीतरी आलं असेल.

इसबगोलाच्या बियांचं हे साल. पाण्यात ते फुगतं, बुळबुळीत होतं, पोट भरल्यासारखं वाटतं आणि दोन घास कमी जातात. कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. वजनाचं म्हणाल तर फरक पडला तरी बेताचाच, आणि तोही सगळ्यांना नाही. जेवणाच्या जागी तर तो मुळीच घेऊ नका. घ्यायचा तर पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्या, वर आणखी पाणी प्या. कोरडा तोंडात टाकला तर घशात अडकतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर हवं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता हिशेब पाहा. मोठा चमचाभर म्हणजे पाचेक ग्रॅम इसबगोलात चोथा चार ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये मोठ्या माणसाला रोज निदान २५ ग्रॅम सांगितला आहे, आणि तो रोजच्या अन्नातून. मग उरलेला कुठून आणायचा?

त्यासाठीच उरण नाक्याच्या मंडईकडे वळा. पावसाच्या तोंडाशी आसपासच्या पाड्यांवरच्या कातकरी-ठाकूर बायका शेवळं घेऊन बसतात. सोबत काकडं घ्यायला विसरू नका, नाहीतर घसा खाजेल. मग येतो कोवळा टाकळा, कुलू, भारंगी, पुढे करटोली. भाजी कशी करायची ते विकणारीलाच विचारा, ती हौसेनं सांगते. टाकळ्यात भिजवलेली डाळ किंवा सोललेले वाल घातले की वाटीभर भाजीनंच पोटाला आधार येतो.

पण ही भाजी आपल्या पानात पडते का? घरची बाई शेवटी जेवायला बसते तेव्हा भाजीची कढई रिकामी आणि भात मात्र उरलेला. टाकायचा कसा, म्हणून तोच वाढून घ्यायचा. वर आरशासमोर उभं राहून वजनाची काळजी! आपली वाटी आधी काढून ठेवा. यात स्वार्थ कसला?

थंडीत आलात तर पोपटी खा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. एकेक शेंग सोलत खायची, त्यामुळे घाईनं खाणं होतच नाही. बरेच जण वरून अंडी, कोंबडीही घालतात. ती बाजूला ठेवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा!